शनिवारी फोन बंद, घर चालू: ठाण्यातल्या एका ज्यू घराचा वीकेंड

मागच्या भागानंतर आलेल्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता: "दादा, तू शनिवारी रिप्लाय का देत नाहीस? शुक्रवारी संध्याकाळपासून एकच टिक, आणि मग शनिवारी रात्री आठ वाजता धडाधड उत्तरं." काहींना वाटलं ट्रेकला जातो. एकाने तर विचारलं, "डिजिटल डिटॉक्स का?" डिटॉक्सचा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे हे चालू आहे. म्हणून आजचा अख्खा भाग यावरच. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मधे मधे येणारे "म्हणजे काय की" तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच.

आधी ओळख

मी बेने इस्राएल. म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यामुळे ऑफिसात पहिल्या दिवशी कुणाला काही कळत नाही. आमच्यात पेणकर आहेत, रोहेकर आहेत, किहिमकर, चेऊलकर, दिवेकर आहेत. सगळी रायगड जिल्ह्यातली गावं. जुन्या हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात? 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. वरळीजवळचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाने आहे, ते १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले बेने इस्राएल डॉक्टर.

आमची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावला फार पूर्वी एक गलबत फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली. आम्ही त्यांचे वंशज. साल कुठलं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात आज शिरत नाही. पुढच्या गोष्टीला मात्र चांगला पुरावा आहे. कोकणात आमच्या लोकांचा धंदा तेलाचा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. पुस्तकं नव्हती, हिब्रू जवळपास विसरलेली, पण शनिवारी काम नाही, एवढं पक्कं. बाकी सगळं पुसलं गेलं तरी जी गोष्ट राहिली, ती हीच. आजचा विषय तीच गोष्ट: शब्बाथ.

तारीख रात्री बारा वाजता बदलत नाही

ज्यू कॅलेंडरमध्ये दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आपल्याकडे तिथी सूर्योदयावर धरतात, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, आणि आमची संध्याकाळी. त्यामुळे 'शनिवार' सुरू होतो शुक्रवारी संध्याकाळी आणि संपतो शनिवारी रात्री, आकाशात तीन तारे दिसले की. शुक्रवारी सूर्यास्ताच्या साधारण अठरा मिनिटं आधी दिवे लावायचे. म्हणजे सगळं मिळून पंचवीस तास.

सूर्यास्त काही रोज एका वेळेला होत नाही. ठाण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. त्यामुळे हिवाळ्यात आमची डेडलाइन पावणेसहाच्या आसपास आणि पावसाळ्यात सातच्या. जुलैत ढगांमुळे तारे काही दिसत नाहीत, तेव्हा छापील तक्ता बघायचा. आमच्या फ्रिजवर तो चिकटवलेला असतो, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी.

जाता जाता, कॅलेंडरच्या प्रेमात असलेल्यांसाठी: आमचे महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याशी जुळवलेलं. त्यासाठी एकोणीस वर्षांत सात वेळा एक जादा महिना घालतात. ओळखीचं वाटलं ना? आपल्या अधिक महिन्याचंही गणित साधारण असंच आहे. त्यामुळे आमचे सण इंग्रजी तारखेने पुढे-मागे होतात, याचं मराठी शेजाऱ्यांना कधी नवल वाटलं नाही.

'काम' म्हणजे नक्की काय?

लोकांना वाटतं शब्बाथ म्हणजे आराम, सुट्टी. तसं नाही. मिश्ना नावाचा जो जुना ग्रंथ आहे, त्यात एकोणचाळीस प्रकारची कामं मोजून दिली आहेत: पेरणं, कापणं, मळणी, दळणं, कणीक मळणं, भाजणं, विणणं, शिवणं, दोन अक्षरं लिहिणं, आग पेटवणं, आग विझवणं, सार्वजनिक जागेत वस्तू वाहून नेणं वगैरे. सूत्र कष्टाचं नाही. घाम येतो की नाही, हा मुद्दाच नाही. जड खुर्ची घरातल्या घरात हलवली तर चालते, काडी पेटवली तर नाही. साधारण अर्थ असा: आठवड्याचे सहा दिवस माणूस जगात बदल करतो, नवीन काहीतरी बनवतो. सातव्या दिवशी जग आहे तसं राहू द्यायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांना मी हे एका वाक्यात सांगतो: कोड फ्रीझ. सिस्टिम चालू आहे, वापरा, आनंद घ्या, पण नवीन काही ढकलायचं नाही.

आता आमचा घाणा का बंद असायचा, ते बघा. फळ किंवा बी पिळून त्यातलं द्रव्य काढणं हे मळणीच्या प्रकारात धरतात. म्हणजे तेल काढणं थेट यादीतलं काम! नवगावच्या तेल्याला हे पोटनियम पाठ होते असं माझं म्हणणं नाही. पण त्याने धरलेला नियम बरोबर होता.

विजेचं काय? ग्रंथ लिहिले तेव्हा वीज नव्हती. ती आल्यावर विद्वानांनी चर्चा करून, बटण दाबून सर्किट जोडणं किंवा तोडणं टाळायचं असं ठरवलं. कारणं वेगवेगळी देतात, पण पारंपरिक घरांत निष्कर्ष एकच. म्हणून फोन नाही, लिफ्ट नाही, दारावरची बेल नाही. आधीपासून चालू असलेला पंखा मात्र चालतो. दिवाणखान्याच्या दिव्याला आमच्याकडे टायमर आहे. फ्रिज उघडला की आतला दिवा लागतो, म्हणून शुक्रवारीच त्याच्या स्विचवर चिकटपट्टी.

एक गोष्ट ठळक करून सांगतो: जीव वाचवण्यासाठी हे सगळे नियम बाजूला ठेवायचे असतात. ठेवले तरी चालतात असं नाही, ठेवायलाच हवेत. कुणाच्या छातीत दुखलं तर फोन करायचा, गाडी काढायची. तिथे विचार करत बसणं चूक.

प्रत्येक ज्यू घर एवढं सगळं पाळतं असं नाही, बरं का. कुणी फक्त दिवे लावतात, कुणी रिक्षाने सिनेगॉगला येतात, कुणी शनिवारी ऑफिसला जातात. मी माझ्या घराचं सांगतोय.

शुक्रवार: आराम कुणाच्या जिवावर?

पंचवीस तास स्वयंपाक नाही, झाडलोट नाही, कपडे नाहीत. छान. पण जेवायचं तर आहे. तेही चांगलं, पाहुण्यांसकट. म्हणजे शनिवारचं सगळं काम कुणीतरी शुक्रवारी केलेलं असतं. काम नाहीसं होत नाही, फक्त आधी सरकतं. आणि आमच्या घरात ते वर्षानुवर्षं एकाच माणसावर सरकत आलं: आई.

दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, जास्त वेळ उभं राहायचं नाही. पहिल्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता घरात सगळे एकमेकांकडे बघत होते. तेव्हा कळलं की 'आमच्या घरात शब्बाथ पाळतात' या वाक्याचा खरा कर्ता कोण होता. बाबा म्हणाले, "बाहेरून डबा मागवू." आई पलंगावरून म्हणाली, "मग दिवे पण मागवा."

तेव्हापासून यादी आहे. गुरुवारी रात्री बाबा वाणसामान आणतात, आणि बहीण काळ्या मनुका भिजत घालते. या मनुका शुक्रवारी कुस्करून, गाळून त्याचं सरबत करायचं. शब्बाथच्या सुरुवातीला पेला हातात घेऊन जो आशीर्वाद म्हणतात, किद्दुश, त्याला जगभर द्राक्षाची वाइन लागते. कोकणात कोशेर वाइन कुठून येणार? म्हणून मनुकांचं सरबत. द्राक्षच ते, फक्त वळसा घालून आलेलं.

शुक्रवारी मी घरून काम करतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाथरूम आणि लादी. चारला लॅपटॉप बंद, आणि विळीवर नारळ खवायला बसतो. आमच्या स्वयंपाकात नारळाचं एवढं महत्त्व का? एक तर कोकण. दुसरं, मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा नियम. मटणाला दही लावायचं नाही, साजूक तूप नाही, जेवणावर खीर नाही. मग दाटपणा आणि गोडवा आणणार कोण? नारळाचा रस. मटणाच्या रश्श्यातही तोच आणि गोडातही तोच. नव्या वर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तोही नारळाच्या रसातलाच. तासन् तास ढवळावा लागतो. जिमची फी वाचते.

मटण कोशेर हवं तर विधीनुसार जनावर कापणारा माणूस लागतो, आणि तो प्रत्येक बाजारात नसतो. म्हणून बऱ्याच शुक्रवारी मासे. माशाचा नियम सोपा: पर आणि खवले, दोन्ही हवेत. पापलेट, रावस, बांगडा चालतो. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. मालवणी मित्राच्या घरी जेवायला गेलो की त्याची आई हळहळते, "अरे, तू कोकणातला आणि कोळंबी नाही?" मग माझ्यासाठी बांगडा वेगळा तळते. तेच तव्याचं आणि भांड्यांचं, काही घरं तेही बघतात. आम्ही माशापुरतं बघत नाही.

शेवटचा अर्धा तास म्हणजे रिलीजच्या आधीची धावपळ. मंद गॅसवर पत्रा ठेवून त्यावर भांडी. फ्रिजची चिकटपट्टी. टायमर. चादरी बदलल्या का? कचरा गेला का? अंघोळी झाल्या का? मग आई बसल्या बसल्या दिवे लावते, हातांनी डोळे झाकते, आणि घर एकदम शांत. टेबलावर झाकलेल्या दोन चपात्या. जगभरचे ज्यू पावाचे दोन गोळे ठेवतात, वाळवंटातल्या प्रवासात शुक्रवारी दुप्पट अन्न मिळायचं त्याची आठवण म्हणून. आमच्याकडे त्या जागी चपाती आली. आशीर्वाद तोच.

शनिवार सकाळ: दहाचा आकडा

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ आमचं सिनेगॉग आहे, शाआर हाशामाइम, म्हणजे 'स्वर्गाचं द्वार'. १८७९ सालचं. मुंबईतलं सगळ्यात जुनं त्याहून आधीचं, १७९६ सालचं, मशीद बंदरजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर. ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. आमची जुनी माणसं सिनेगॉगला 'मशीद'च म्हणायची, आणि मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

सकाळी आम्ही चालत जातो. पिशवी नाही, पाकीट नाही, चावी पण नाही. आई घरी असते, दार वाजवलं की उघडते.

आता नियम ऐका. प्रार्थना एकटाही करू शकतो. पण तोराची गुंडाळी बाहेर काढून वाचायची असेल, किंवा मृतांसाठी कद्दीश म्हणायचं असेल, तर तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हवेत. याला मिन्यान म्हणतात. (काही आधुनिक पंथ यात बायकांना मोजतात, आमच्याकडे अजून नाही. माझ्या बहिणीचं यावर ठाम मत आहे, तिला एका भागात बोलवणार आहे.) डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स शिकलेल्यांनी ओळखलं असेल: हा कोरम आहे. नऊ जण आले तर सिस्टिम पडत नाही, पण रीड-ओन्ली होते.

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी आम्ही नऊ होतो. आमच्यातले एक काका त्या वर्षी आईसाठी कद्दीश म्हणत होते. आईवडील गेले की मुलगा अकरा महिने म्हणतो. काका साठीच्या पुढचे, रोज बाजूला उभे राहून शांतपणे म्हणायचे. त्या दिवशी घड्याळ पुढे सरकत होतं आणि काका दाराकडे बघत होते. माणसं 'एक, दोन, तीन' अशी मोजायची नाहीत अशी ज्यूंमध्ये रीत आहे. दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, एकेका माणसाला एकेक शब्द. त्या दिवशी शेवटचा शब्द उरत होता.

इतर दिवशी असतं तर ग्रुपवर मेसेज टाकला असता. शनिवारी फोनच नाही. मी आणि अजून एक जण पावसातून चालत मित्राच्या बिल्डिंगला गेलो. लिफ्ट नाही, पाच मजले. बेल नाही, दार हाताने ठोकलं. तो रात्री उशिरा कॉलवरून मोकळा झाला होता, डोळे चोळत आला, आमचे ओले चेहरे बघून एवढंच म्हणाला, "किती आहेत?" मी हाताची दहा बोटं दाखवून एक दुमडलं. तो शर्ट घालून निघाला. काकांचं कद्दीश झालं. प्रार्थनेनंतर आमच्याकडे हात हातात घेऊन मग स्वतःच्या बोटांना ओठ लावायची पद्धत आहे. काकांनी त्याचे हात जरा जास्त वेळ धरून ठेवले.

तो मित्र येत्या ऑगस्टमध्ये इस्राएलला चाललाय. बायकोचे आईवडील आश्दोदला आहेत. मी त्याला थांब म्हणणार नाही. आमच्या समाजातले बहुतेक लोक १९४८ नंतर असेच गेले. एकेकाळी भारतात वीस हजारांहून जास्त बेने इस्राएल होते. आज देशातले सगळ्या गटांचे ज्यू मिळून चार-पाच हजार असतील. तिकडे आश्दोद, दिमोना, लोद अशा गावांत मराठी बोलणारे म्हातारे भेटतात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. ते छानच आहे. पण ठाण्याच्या शनिवारी सकाळच्या आकड्यात त्यांना मोजता येत नाही. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदपत्रांना त्याचा उपयोग होतो. दहावा माणूस मात्र घरातूनच यावा लागतो.

दुपार: मित्र, आणि एक टेबल

शनिवार दुपार ही माझी सगळ्यात आवडती वेळ. कॉलेजचे तीन-चार मित्र येतात, कुणीच ज्यू नाही. त्यांना माहीत आहे की मी फोन उचलणार नाही, पण घरी नक्की असणार. आजच्या काळात असा मित्र किती जणांना मिळतो? न सांगता येतात, दार वाजवतात. पत्र्यावरची कोमट आमटी, भात, कोरा चहा, कॅरम. त्यांच्या फोनना आमच्याकडे बंदी नाही, पण दोन तासांनी तेही उलटे पडलेले असतात. एक जण म्हणतो, "तुझ्याकडे आलो की बॅटरी संपत नाही." उष्टी भांडी सिंकमध्ये रचलेली असतात. रात्री घासायची, आणि तो माझा नंबर.

अंधार पडला की हवदाला. सरबताचा पेला, लवंग-दालचिनीचा वास, आणि वळलेल्या मेणबत्तीची ज्योत. पवित्र दिवस आणि बाकीचा आठवडा यांच्यात रेघ ओढायची. मग फोन चालू, एकशे साठ मेसेज. त्यातले बरेचसे आपोआप मिटलेले. हे मला दर आठवड्याला नव्याने शिकायला मिळतं.

रविवार: मलिदा

'मलिदा' म्हटलं की मराठी माणसाला टेंडर आठवतं. आमचा मलिदा खरा असतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, आणि ताटाभोवती पाच प्रकारची फळं. एलियाहू हानाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने करायचा. नवस फेडायचा असो, नवीन घर, लग्न, नोकरी, परदेशी जाणं. अलिबागजवळच्या खंडाळा गावात एक खडक आहे, तिथे त्यांचा रथ टेकला आणि खूण राहिली अशी श्रद्धा आहे. लोक तिथेही जाऊन मलिदा करतात.

शेजारीपाजारी सगळे बोलवायचे, आणि यात आकड्याची काळजी जरा कमी. बायका गातात, मुलं केळी पळवतात. मित्राच्या प्रवासाचा मलिदा जुलैत आहे. नारळ खवायचं काम अर्थातच माझ्याकडे.

आणि नोकरी?

हा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून थेट सांगतो. आमच्या टीममध्ये वीकेंडला ऑन-कॉल असतं. मी मॅनेजरशी बसून ठरवलं: माझे शनिवार दुसऱ्याने घ्यायचे, त्या बदल्यात रविवार, दिवाळी, गणपती आणि ख्रिसमस मी घेतो. दिवाळीत माझ्याशी अदलाबदल करायला रांग लागते. जिथे असं जमणार नव्हतं, अशी एक ऑफर मी सोडली. पगार जास्त होता, आणि आईच्या फिजिओथेरपीचा खर्च चालू होता. सोपं नव्हतं. पण शनिवारी माझं नसणं तिथे कुणीतरी भरून काढलं असतं. टेंभी नाक्याला ते भरून निघत नाही.

तुमच्यापैकी कुणाला मुंबई, ठाणे, पुणे किंवा अलिबागचं सिनेगॉग बघायचं असेल तर चार गोष्टी: आधी परवानगी घ्या, ओळखपत्र ठेवा, पुरुषांनी डोकं झाका, आणि शनिवारी फोटो काढू नका. अलिबागला गेलात तर इस्राएल आळीत जरूर फिरा.

आणि ज्यू नसलात तरी एक प्रयोग करून बघा. एक संध्याकाळ फोन बंद ठेवा. पण त्याआधी घरातलं त्या दिवसाचं काम नेमकं कोण उरकतंय, हे बघा, आणि त्यातलं अर्धं स्वतःकडे घ्या. नाहीतर तो आराम तुमचा नाही, दुसऱ्याच्या गुडघ्यांचा आहे.

पुढच्या भागात बहीण येतेय, मिन्यानवर भांडायला. प्रश्न पाठवून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळनंतर पाठवलेत, तर उत्तर तीन तारे दिसल्यावर. शब्बाथ शालोम, मंडळी!